बेबी कॉटमधून पलंगावर : पालक पुन्हापुन्हा विचारतात ते प्रश्न

सुरुवातीला शब्दांचा घोळ मिटवू. आपण मोठ्या माणसांच्या पलंगालाही ‘कॉट’ म्हणतो, त्यामुळे विचारणारा एकाबद्दल बोलतो आणि ऐकणारा दुसऱ्याबद्दल. इथे चारही बाजूंनी कठडा असलेल्या, लहान बाळाच्या झोपायच्या जागेला ‘बेबी कॉट’ म्हटलं आहे आणि ज्यावरून मूल स्वतः चढू-उतरू शकतं त्याला ‘पलंग’.

बेबी कॉटचा कठडा रोज रात्री न बोलता एक काम करत असतो. मूल जागं झालं तरी त्याला जागेवर ठेवतो. कठडा गेला की ते काम खोलीला, दिनक्रमाला आणि तुम्हाला करावं लागतं. येणारे बहुतेक प्रश्न या एका बदलातूनच निघतात.

१. पलंगावर नेण्याचं योग्य वय कोणतं?

बहुतेक मुलं दीड ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान पलंगावर येतात. माझं स्पष्ट मत असं, की बेबी कॉट सुरक्षित आहे आणि मूल त्यात नीट झोपतंय, तर तीन वर्षांच्या आसपासपर्यंत थांबा. दोन वर्षांच्या मुलाला ‘खाली उतरायचं नाही’ हे शब्द कळतात. पण अंधारात जाग आल्यावर, आईबाबा शेजारच्या खोलीत आहेत हे माहीत असताना, तो नियम पाळण्याइतका ताबा त्याच्याकडे अजून नसतो. तीन वर्षांच्या सुमारास तो येऊ लागतो.

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या १८ ते ३६ महिन्यांच्या सुमारे दोन हजार मुलांच्या पालकांना विचारून एक अभ्यास झाला होता. बेबी कॉटमध्ये झोपणारी मुलं लवकर झोपायला जातात, रात्री कमी वेळा उठतात आणि सलग जास्त वेळ झोपतात, असं त्यात दिसलं. मात्र ज्यांची झोप आधीच अवघड होती, त्यांनाच पालकांनी लवकर पलंगावर नेलं असण्याचीही शक्यता आहे. तेव्हा हे आकडे घेऊन घाबरू नका. ‘शेजारच्यांची मुलगी कधीच पलंगावर झोपायला लागली’ म्हणून घाई मात्र करू नका.

२. थांबून चालणार नाही, अशी वेळ कोणती?

दोन खुणा आहेत. एक, मूल कठड्यावरून बाहेर पडायला लागलं. दुसरी उंचीची. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मर्यादा ३५ इंच, म्हणजे सुमारे ८९ सेंटीमीटर आहे. किंवा कठड्याची उंची मुलाच्या उंचीच्या तीन-चतुर्थांशापेक्षा कमी झाली तर. टेप हाताशी नसेल तर गादी सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवून मुलाला उभं करा. कठडा त्याच्या छातीपर्यंतच येत असेल, तर बेबी कॉटचे दिवस संपले. तो अजून चढला नसेल, पण चढू शकतो.

३. मुलगा १६ महिन्यांचाच आहे आणि काल कठड्यावरून बाहेर आला. लगेच पलंग?

आधी गादी सगळ्यात खाली आहे ना, ते बघा. आश्चर्य वाटेल, पण बऱ्याच घरांत ती मधल्या पातळीवरच राहून गेलेली असते. मोठी खेळणी, जाड उशा, कठड्याला बांधलेल्या गाद्या, म्हणजे ज्यावर पाय देऊन चढता येईल असं सगळं काढा. हात मोकळे ठेवणारी, पाय झाकणारी पिशवीसारखी स्लीप सॅक घातली तर बऱ्याच मुलांना पाय कठड्यावर टाकता येत नाही. दोन-तीन रात्री दाराशी थांबा. पाय वर येताना दिसला की शांतपणे ‘नाही, खाली’ म्हणा, आणि तेवढ्यावर थांबा.

एवढं करूनही तो पुन्हा चढला, तर वय कितीही असो, बेबी कॉट थांबवा. एवढ्या उंचीवरून डोक्यावर पडण्यापेक्षा जमिनीवरची गादी कितीतरी बरी (प्रश्न ५). बेबी कॉटवर वरून जाळी किंवा तंबू बांधू नका. अशा जाळ्यांत मुलं अडकून गंभीर दुखापती झाल्या आहेत.

४. खोली ‘सुरक्षित’ करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

हे उत्तर लांब आहे, कारण माझ्या लेखी हाच या सगळ्याचा गाभा आहे. कठडा काढलात की ती अख्खी खोलीच बेबी कॉट होते. मूल रात्री दोन वाजता तिथे एकटं जागं असेल आणि तुम्ही गाढ झोपेत असाल, हे डोळ्यांसमोर आणून खोली बघा. गुडघ्यांवर, त्याच्या उंचीवरून बघा. उभं राहून पाहिलेली खोली वेगळीच असते.

पहिलं काम जड फर्निचरचं. कपाट, पुस्तकांची मांडणी, खणांचं टेबल हे सगळं पट्ट्या किंवा कंसांनी भिंतीला स्क्रूने पक्कं करा. मूल खण एकेक करून उघडतं, त्यांची शिडी करतं, आणि भार पुढे आला की आख्खं फर्निचर त्याच्या अंगावर येतं. ‘आमचं कपाट जड आहे, हलत नाही’ असं पालक म्हणतात, पण खण उघडल्यावर तोल बदलतो. टीव्हीचंही तसंच.

पलंग खिडकीपासून दूर हवा. पडद्यांच्या आणि ब्लाइंड्सच्या दोऱ्या मुलाच्या हाताला लागता कामा नयेत, कारण दोरीचा फास बसायला मिनिटंही लागत नाहीत. बेबी मॉनिटरची, म्हणजे मुलाचा आवाज किंवा चित्र तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या यंत्राची, वायर पलंगापासून किमान ९० सेंटीमीटर लांब ठेवा. खिडकीला गज नसतील तर ती १० सेंटीमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही असा अडसर लावा. डासांच्या जाळीच्या भरवशावर राहू नका, ती मुलाचं वजन पेलत नाही.

मग बारीक गोष्टी. रिमोटमधल्या किंवा खेळण्यातल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या, छोटे लोहचुंबक, खुर्चीवर टाकलेल्या पर्समधल्या गोळ्या. बटण बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, त्यामुळे नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.

शेवटी खोलीच्या बाहेरचं. जिना असेल तर वरच्या टोकाला स्क्रूने बसवलेलंच गेट हवं. नुसत्या दाबावर टिकणारं गेट तिथे चालत नाही. बाथरूमचं दार बंद आणि बादली रिकामी. लहान मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकतं.

५. छोटा टॉडलर बेड घ्यावा, सिंगल बेड, की जमिनीवर गादी?

तिन्ही चालतात. टॉडलर बेड बुटका असतो आणि पुष्कळदा त्याला बेबी कॉटचीच गादी बसते, म्हणून मुलाला झोपायची जागा ओळखीची वाटते. तोटा एवढाच की तो दोन-तीन वर्षांत लहान पडतो. अमेरिकी मानकाप्रमाणे तो किमान १५ महिन्यांच्या आणि ५० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे २२-२३ किलो वजनाच्या मुलांसाठी असतो. सिंगल बेड पुढे अनेक वर्षं पुरतो.

मला स्वतःला जमिनीवरची गादी सगळ्यात आवडते, विशेषतः दोन वर्षांखालच्या मुलांसाठी. पडण्याची भीतीच उरत नाही. फक्त रोज सकाळी गादी उभी करून खालून वारा लागू द्या, नाहीतर ओल धरते आणि बुरशी येते. कोणताही पलंग असो, तो भिंतीला घट्ट चिकटलेला असावा किंवा चांगला लांब. मधल्या बोळकांडीत मूल अडकतं. दुमजली पलंगाची वरची जागा सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत नको.

६. पलंगाला बेड रेल लावू का?

लावता-काढता येणारी बेड रेल, म्हणजे मूल पडू नये म्हणून पलंगाच्या कडेला बसवायचा कठडा, साधारण २ ते ५ वर्षांच्या आणि मोठ्या पलंगावर स्वतः चढ-उतार करू शकणाऱ्या मुलांसाठीच असते. दोन वर्षांच्या आत ती वापरू नका. रेल आणि गादी यांच्यामध्ये फट पडली तर त्यात शरीर किंवा मान अडकण्याचा धोका पडण्यापेक्षा मोठा आहे. लावल्यावर जोरात ढकलून, ओढून बघा, आणि हे दर आठवड्याला करा, कारण ती हळूहळू सरकते. बुटका पलंग आणि बाजूला जाड सतरंजी एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

७. मुलगी रात्री पलंगावरून पडली. काय बघायचं?

बुटक्या पलंगावरून पडलेली मुलं बहुधा थोडं रडून पुन्हा झोपतात. पण शुद्ध हरपली, वारंवार उलट्या झाल्या, झटका आला, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त आलं, नेहमीसारखी जागी होत नाही, चालताना तोल जातो, हात किंवा पाय हलवत नाही, रडणं थांबतच नाही, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या.

८. पलंग आला म्हणजे उशी आणि पांघरूणही द्यायचं का?

उशीची घाई नाही. दोन वर्षांनंतर छोटी, चपटी उशी द्या, नाही दिली तरी बिघडत नाही. पांघरूण हलकं असू द्या. स्लीप सॅक मात्र आता बंद करा. मूल ती घालूनच खाली उतरतं आणि अडखळून पडतं.

९. त्याची मनाची तयारी कशी करायची?

चार-पाच दिवस आधी सांगा, महिनाभर आधी नको. या वयात ‘पुढच्या महिन्यात’ला काही अर्थ नसतो, नुसती हुरहुर वाढते. चादर त्याला निवडू द्या. पलंग शक्यतो बेबी कॉट होती त्याच कोपऱ्यात ठेवा. बाकी काहीही बदलू नका. आंघोळ, गोष्ट, दिवा मंद करणं, तोच भालू, तेच गाणं, त्याच क्रमाने. त्याच्या दृष्टीने एकच गोष्ट नवी असावी.

बेबी कॉट खोलीत ठेवायची की नाही, यावर घराघरांत वाद होतात. मी म्हणेन, पलंग लागला की ती खोलीतून हलवा. डोळ्यांसमोर राहिली तर रोज रात्री ‘आज कुठे?’ हा प्रश्न नव्याने सुरू होतो. कुणाला देऊन टाकू नका मात्र. का ते प्रश्न १२ मध्ये.

१०. पहिले चार दिवस छान गेले. आता दर दहा मिनिटांनी बाहेर येतो. काय करू?

मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. सुरुवातीला बऱ्याच मुलांच्या लक्षातच येत नाही की आपण स्वतः उतरू शकतो. ते कळलं, की ते शंभर वेळा करून बघतात. तो खट्याळपणा करत नाही, नवा नियम खरा आहे का ते तपासतो आहे. म्हणून उत्तर दर वेळी सारखंच मिळायला हवं.

बाहेर आला की हात धरा, परत न्या, एकच वाक्य म्हणा, ‘आता झोपायची वेळ आहे’, आणि निघून या. समजावणं नाही, रागावणं नाही, एक शेवटची गोष्टही नाही. त्या वेळी तुमचं रागावणंही त्याच्यासाठी सोबतच असते. पहिल्या रात्री वीस-तीस फेऱ्या होऊ शकतात. दोघं पालक असाल तर वाटून घ्या, पण वाक्य दोघांचं तेच हवं. एकविसाव्या फेरीला हार मानून त्याला तुमच्या अंथरुणात घेतलंत, तर तो ‘एकवीस वेळा आलं की जमतं’ एवढंच शिकतो.

तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी एक सुंदर युक्ती आहे. झोपताना त्याला एक कार्ड द्या. ते दाखवून एकदाच बाहेर यायची, पाणी किंवा मिठी मागायची मुभा. वापरलं की कार्ड सकाळपर्यंत तुमच्याकडे. अमेरिकेत १९९९ मध्ये ३ आणि १० वर्षांच्या दोन मुलांवर ही युक्ती पहिल्यांदा अभ्यासली गेली, आणि २००७ मध्ये ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या छोट्या गटातही तिचा उपयोग दिसला. हक्क हातात आहे म्हटल्यावर मूल निवांत होतं, आणि अनेकदा कार्ड वापरतही नाही.

११. दाराला बाहेरून कडी घातली तर?

नको. आग लागली, उलटी झाली, कशात अडकला, तर कडी जीवावर बेतू शकते. शिवाय झोपायची जागा म्हणजे कोंडण्याची जागा, ही भावना एकदा बसली की ती काढायला महिने लागतात. दार नुसतं लोटून ठेवणं वेगळं. खोलीच्या दारात गेट लावलंत तर तुम्ही त्याला दिसता, ऐकू येता आणि तो घरभर फिरत नाही. गेटवर चढायला लागला तर तेही काढावं लागेल. मग दाराला उघडताच वाजणारी घंटा लावा, म्हणजे तुम्हाला जाग येईल.

१२. आमचं फसलं. पुन्हा बेबी कॉटमध्ये ठेवलं तर चालेल?

तो कठड्यावरून चढत नसेल आणि प्रश्न २ मधल्या उंचीत असेल, तर जरूर चालेल. दोन-तीन आठवडे प्रामाणिक प्रयत्न झाले, घरातले सगळे थकले, तर परत न्या. ‘तू नीट झोपला नाहीस म्हणून’ असं कधीही म्हणू नका. ‘पलंग थोड्या दिवसांनी’ एवढं पुरे. दोन महिन्यांनी तेच मूल वेगळं वागतं. चढणाऱ्या मुलासाठी मात्र परतीचा रस्ता नाही. त्याच्यासाठी प्रश्न ४ आणि १० वरच जोर द्या.

१३. दुसरं बाळ येतंय आणि बेबी कॉट एकच आहे.

बाळ येण्याच्या किमान दोन महिने आधी बदल करा, म्हणजे ‘माझी जागा त्याने घेतली’ असं मोठ्याला वाटत नाही. तेवढा वेळ नसेल तर उलट थांबा. नवजात बाळ पहिले काही महिने बॅसिनेटसारख्या छोट्या, सपाट, सुरक्षित जागेत झोपू शकतं. दुसरी बेबी कॉट मागून आणणं हा माझ्या मते सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग. पण बाजू खाली सरकणारी जुनी बेबी कॉट घेऊ नका. मुलं अडकून मृत्युमुखी पडल्यामुळे अमेरिकेत अशा बेबी कॉटच्या निर्मितीवर आणि विक्रीवर जून २०११ पासून बंदी आहे.

१४. पहाटे पाचला उठून आमच्या खोलीत येते.

खोलीत उजेड येतो का बघा, जाड पडदा लावा. ठरलेल्या वेळी रंग बदलणारं घड्याळ तीन वर्षांच्या आसपास उपयोगी पडतं, त्याआधी ते मुलासाठी नुसता दिवा असतो. सुरुवातीला ती नेहमी उठते त्याच वेळेचा रंग लावा, म्हणजे पहिल्याच दिवशी तिला जमेल. मग दर दोन-तीन दिवसांनी दहा मिनिटं पुढे सरकवा. एकूण झोपेचाही हिशोब करा. दुपारची झोप धरून १-२ वर्षांत ११ ते १४ तास आणि ३-५ वर्षांत १० ते १३ तास लागतात. संध्याकाळी सातला झोपणारी मुलगी पाचला उठली, तर तिची झोप कदाचित पूर्णच झाली आहे.

१५. डायपर सोडवणंही सोबतच करू का? म्हणजे एकदाच काय ते होईल.

एकदाच होत नाही, दोन्ही बिघडतं. मध्ये काही आठवडे जाऊ द्या. दिवसा डायपर सुटला तरी रात्री कोरडं राहणं शरीराच्या वाढीवर असतं, शिकवण्यावर नाही. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं अगदी सामान्य आहे. गादीवर जलरोधक आवरण घाला आणि चादर बदलताना तोंडातून एक शब्दही काढू नका.

१६. मी शेजारी आडवी झाले तरच झोपतो. हे कसं सोडवू?

तुम्हा दोघांना ते आवडत असेल तर सोडवायची गरजच काय! थकला असाल तर हळूहळू मागे या. तीन रात्री पलंगाशेजारी खुर्चीवर, मग तीन रात्री खोलीच्या मध्यावर, मग दाराशी, मग दाराबाहेर. प्रत्येक टप्प्यावर बोलणं कमी होत जावं. आजारपणात दोन पावलं मागे गेलात तरी चालतं, बरा झाला की पुन्हा तिथूनच.

१७. जुळी आहेत. एक चढते, दुसरी नाही.

चढणारीला पलंगावर आणा, दुसरीला बेबी कॉटमध्ये राहू द्या. अडचण एकच, मोकळी असलेली दुसरीच्या बेबी कॉटमध्ये चढायला किंवा खेळणी टाकायला जाते. तसं झालं तर दोघींना एकाच दिवशी खाली आणा. रात्रीचा गोंधळ नेहमीपेक्षा जास्त दिवस चालेल, कारण दोघी एकमेकींना सामील असतात. झोपायच्या वेळा वीस मिनिटांच्या फरकाने ठेवून बघा.

१८. रात्री किंचाळत उठून बसते, डोळे उघडे, पण आम्हाला ओळखत नाही. पलंगाची भीती बसली का?

बहुधा नाही. हे नाइट टेरर. ते झोपेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, गाढ झोपेतून येतात, आणि सकाळी मुलाला काही आठवत नाही. तिला हलवून जागं करू नका. पडू नये एवढं बघत शेजारी थांबा, काही मिनिटांत ती आपोआप शांत होते. झोप अपुरी पडली की हे वाढतात, आणि नव्या पलंगाच्या पहिल्या आठवड्यात झोप अपुरी पडतेच. वाईट स्वप्नं वेगळी. ती पहाटेकडे येतात, मूल पूर्ण जागं असतं आणि त्याला तुमची कुशी हवी असते, ती द्या. झोपेत चालत असेल तर न उठवता हात धरून परत पलंगाकडे वळवा आणि प्रश्न ४ मधलं जिन्याचं गेट आजच लावा.

१९. मुलाचा विकास वयाच्या मानाने हळू आहे. वय बघू की समज?

समज आणि अंगातली ताकद दोन्ही, पण वेगवेगळी. काही मुलं शरीराने चढण्याइतकी सशक्त असतात आणि धोका मात्र त्यांना कळत नाही. त्यांना साधा पलंग आणि साधी खोली पुरत नाही. मुलाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टशी (रोजच्या हालचाली आणि कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाशी) बोला, अशा मुलांसाठी उंच बंदिस्त बाजूंचे खास पलंग मिळतात. स्वतः जाळ्या किंवा पट्ट्या बांधून काही तयार करू नका. ज्यांना उतरता येतं पण पुन्हा चढता येत नाही, त्यांच्यासाठी जमिनीवरची गादी.

२०. महिना झाला, अजून नीट झोपत नाही. डॉक्टरांना कधी दाखवू?

बऱ्याच मुलांचं दोन-तीन आठवड्यांत बसतं. त्यानंतरही तीच गत असेल, आणि त्यासोबत रोज मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडखळणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, पाय सतत झाडणं किंवा दिवसा पेंगणं असेल, तर कारण पलंग नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि जमल्यास झोपेतल्या श्वासाचा मिनिटभराचा व्हिडिओ सोबत न्या. मेलाटोनिन किंवा झोपेचं दुसरं कुठलंही औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नका.